सत्कारमूर्ती

“काका, एकदा परत करता का? मघाशी तुमचा हात फ्रेमच्या बाहेर गेला.”

बद्रीनाथ बोरावक्यांनी हात थांबवला आणि मोबाइल धरून उभ्या असलेल्या शेफालीकडे पाहिलं. “परत म्हंजे? हे काय लग्न हाय का, फोटोवाल्यासाठी हार पुन्यांदा घालायला?”

“अहो, करा की,” पलंगावरून आवाज आला. “पोर एवढी लांबून आलीय.”

आवाज नम्रताताईंचा होता. त्या पालथ्या झोपल्या होत्या. कमरेखाली दोन उशा, त्यामुळे छाती उतरती आणि डोकं पलंगाच्या कडेवरून खाली. त्यांना दिसत होती ती फक्त फरशी आणि शेफालीचे पांढरे बूट. हडपसर गावठाणातल्या या दोन खोल्यांत रोज सकाळी हेच चालायचं. बद्रीनाथ हाताची ओंजळ करायचे आणि त्या पोकळ हाताने बायकोची पाठ थोपटायचे. आधी उजवी बाजू, मग डावी. जोरात नाही, पण लागेल इतपत. कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म गेलेल्या या माणसाला संगीतातलं काही कळत नव्हतं, तरी इतक्या वर्षांच्या सवयीने त्या थोपटण्यात आपोआप ठेका आला होता.

हे काय आहे ते शेफालीला समजलं नाही, तेव्हा नम्रताताईंनी खाली डोकं ठेवूनच समजावून सांगितलं. समजावून सांगणं हा त्यांचा स्वभावच होता. पुरा जन्म बालवाडीत शिकवण्यात गेला होता.

“हे बघ, बाटलीत तळाला मध साठला तर आपण काय करतो? बाटली उलटी करतो आणि मागून थापट्या मारतो. माझ्या छातीचं तसंच आहे. आमची मुलगी ऋतिका तान्ही होती तेव्हा मला टीबी झाला. औषधाचा पूर्ण कोर्स केला, बरा झाला. पण जाताना तो श्वासनळ्या सैल करून गेला. त्यांत कफ साठतो. तो रोज असा काढावा लागतो. काढला की दिवसभर मी तुझ्यासारखीच.”

“ओके,” शेफाली म्हणाली. ती हिंजवडीला नोकरीला होती आणि माउथ ऑर्गन क्लबच्या कार्यक्रमांचं निवेदन करायची. “पण ताई, श्वास लागतो तेव्हा कसं वाटतं? म्हणजे, आपण आता संपलो असं?”

“नाही गं. आता खोकायला हवं असं वाटतं.”

शेफालीला हे उत्तर फारसं उपयोगी वाटलं नाही. तिने बोलता बोलता आणखी दोन-तीनदा त्याच जागी खणून पाहिलं, पण तिथे अश्रू लागले नाहीत. मग नम्रताताई उठल्या, तोंड धुऊन आल्या, केस नीट केले आणि माउथ ऑर्गन हातात घेऊन खुर्चीत बसल्या. आता खरं शूटिंग, अशी त्यांची समजूत. पण शेफालीने मोबाइल पर्समध्ये टाकला होता.

“ते तर स्टेजवर येणारच आहे ना, ताई. तुमच्या सोलोच्या आधी ही छोटी फिल्म दाखवायची. मस्त इंट्रो होईल.”

नम्रताताईंना ते पटलं. लोकांना आधी बाटलीचं आणि मधाचं कळेल, मग त्या वाजवतील. शिकवण्याची पद्धत म्हणून यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

---

माउथ ऑर्गन त्यांच्या हाती आला तोही बालवाडीतच. खेळण्यांच्या पेटीत खुळखुळे, डफली, शिट्ट्या असायच्या, त्यांत एकदा पत्र्याचा एक माउथ ऑर्गन आला. पोरं तो एकमेकांच्या तोंडातून ओढून घ्यायला लागली, तेव्हा बाईंनी जप्त केला. मुलं गेल्यावर गरम पाण्यात धुतला आणि सहज ओठांना लावला. फुंकर घातली, सूर निघाला. त्यात नवल नव्हतं. फुंकून बासरीही वाजते. पण श्वास आत घेतला तर पुन्हा सूर निघाला, वेगळाच.

इतकी वर्षं आत जाणाऱ्या श्वासाने त्यांना फक्त धास्तीच दिली होती. तो पुरेल का, मध्येच अडकेल का, शिट्टीसारखा वाजेल का. तोच श्वास आता सूर देत होता. त्या दिवशी रिकाम्या वर्गात, छोट्या छोट्या चटयांच्या मधोमध बसून त्या बराच वेळ नुसतं माउथ ऑर्गनचं एकच भोक फुंकत आणि ओढत बसल्या. छातीच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, चालू ठेवा, माझ्या औषधांपेक्षा बरं.

निवृत्त झाल्यावर त्या क्लबात जायला लागल्या. दर रविवारी सहकारनगरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये वीस-बावीस माणसं जमायची. बहुतेक निवृत्त, काही नोकरीवाले. क्लबचे अध्यक्ष सलिल रानडे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, अत्यंत शिस्तीचे आणि अतिशय गोड बोलणारे. प्रत्येकाला जुनी गाणी पुढे उभं राहून वाजवायची असत. पाठीमागे साथीला रेकॉर्ड केलेला ट्रॅक. ट्रॅकवर वाजवण्यात जीव नाही म्हणून वर्गणी काढून क्लबने एक कॉर्ड हार्मोनिका घेतली. सगळे तिला नुसतं ‘कॉर्ड’ म्हणत. हातभर लांब, एकावर एक दोन मजले, बिजागरीने जोडलेली, धरून धरून मनगटं भरून आणणारी. तिच्यावर गाणं वाजत नाही. गाण्याखाली तीन-चार सुरांचा एकत्र आधार देता येतो, एवढंच. वाजवणाऱ्याने मागच्या रांगेत बसायचं, आणि टाळ्या पुढच्याला. साहजिकच कोणी पुढे येईना. नम्रताताई आल्या. शिशुवर्गाच्या बाईंना दुसऱ्याच्या गाण्याखाली आधार धरून बसायची सवय असते.

या वर्षी मात्र त्यांनी रानड्यांना सांगितलं, “मला एक गाणं एकटीने वाजवायचंय.” कुठलं तेही ठरलेलं होतं. जुन्या सिनेमातली एक संथ, अंगाईसारखी चाल. तिच्यात ओढून धरायचे लांब सूर इतके, की क्लबातले धडधाकट लोकसुद्धा तिच्या वाटेला जात नसत. रानड्यांनी हो म्हटलं. साथीला कॉर्डवर कोण, तर शुभंकर नावाचा तिशीतला मुलगा तयार झाला. वाजवायचा छान, पण कॉर्ड त्याला नवी होती. नम्रताताईंनी त्याला चार महिने शिकवलं. “हां, इथे ओढ, आता सोड. घाई नको, मी कुठे पळून चाललेय?” एकच कॉर्ड, ती या हातातून त्या हातात जायची, मध्ये रुमाल फिरवला की झालं. क्लबात सगळेच असं करत. कोणाकडे काळी चारच्या पट्टीचा माउथ ऑर्गन नसला की शेजारच्याचा घ्यायचा. माणसाला इथे येऊन दोन महिने झाले की त्याच्या माउथ ऑर्गनवर त्याची एकट्याची मालकी राहत नसे.

---

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी रानड्यांनी त्यांना तालमीनंतर व्हरांड्यात थांबवून घेतलं. कॉफी मागवली. म्हणाले, आपल्यासाठी आनंदाची बातमी आहे. शेफालीने केलेली फिल्म समितीने पाहिली, सगळ्यांचे डोळे पाणावले. वर्धापनदिनाला क्लब दर वर्षी एका व्यक्तीचा सत्कार करतो, तो यंदा एकमताने आपला.

नम्रताताई संकोचल्या. खोटं कशाला सांगा, त्यांना बरंही वाटलं. बालवाडीच्या बाईचा सत्कार कोण करतं? पहिलीत गेली की मुलंच तिला आधी विसरतात.

“फक्त एक लहानसा बदल,” रानडे म्हणाले. “सत्कारमूर्ती पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी बसतात. त्यामुळे आपलं ते गाणं शुभंकर वाजवेल. आपल्याला आदरांजली म्हणून.”

“आदरांजली मेलेल्या माणसाला वाहतात, रानडेसाहेब. मला अजून हडपसरची बस पकडायचीय.”

“अहो, आपण शब्दात धरू नका.”

“मग शब्द सोडून देते. सत्कार झाला की मी वर येऊन वाजवते. त्यात काय अडचण आहे?”

रानड्यांनी घसा साफ केला. आपल्या तब्येतीचीच काळजी, म्हणाले. तिकीट लावलेला कार्यक्रम, मोठं नाट्यगृह, तोंडासमोर माइक. ऐन गाण्यात आपल्याला खोकला आला तर?

“वाजवताना मला कधी आलाय?”

“कधी नाही. पण आला तर?”

या ‘तर’ला उत्तर नसतं. न झोपणाऱ्या मुलाला बागुलबुवा दाखवावा तसा तो असतो. नाहीच, म्हणून त्याला हाकलताही येत नाही. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. शुभंकर पुढे आला, तर कॉर्डवर कोण?

“ट्रॅक लावू. आणि हो, तेही सांगायचं राहिलं. ती कॉर्ड आता क्लबतर्फे आपल्यालाच भेट द्यायची आहे. शाल-श्रीफळाबरोबर. आपण इतकी सेवा केलीत. क्लबसाठी नवीन मागवली आहे.”

“जुनीला काय झालं?”

रानड्यांनी कॉफीवरची साय चमच्याने बाजूला केली. बराच वेळ केली.

“झालं काहीच नाही. पण आपण फिल्ममध्ये आपल्या जुन्या आजाराविषयी मोकळेपणाने बोललात. त्यानंतर एका सभासदाने विचारणा केली. घरी लहान बाळ असलं की माणूस विचारणारच. तोंडाची वस्तू आहे. आपण शिकलेल्या आहात, गैरसमज करून घेणार नाही.”

बाळ क्लबात एकाच्याच घरी होतं. आणि त्या कॉर्डला त्यांच्याशिवाय तोंडही त्या एकानेच लावलं होतं.

नम्रताताईंच्या कानशिलांतून गरम वाफा निघाल्या. ऋतिका आज स्वतः आई होण्याच्या वयाची होती, म्हणजे तेवढी वर्षं झाली होती त्या आजाराला. त्यानंतर शेकडो मुलं त्यांच्या मांडीवर बसून गेली. शेंबूड त्यांनी पुसला, खोकला मुलांनी दिला, गोवर, कांजिण्या, गालफुगी, सगळं मुलांकडून त्यांच्याकडे आलं. त्यांच्याकडून कोणाकडे काही गेलं असेल तर ती बाराखडी. हे सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलं. पण रानडे इतके नम्रपणे पुढे झुकून बसले होते, की ओरडायला जागाच नव्हती. शिवी दिली असती तर उलट देता आली असती. या माणसाने तोंडाला पानं पुसली होती आणि वर तो विचारत होता, साखर पुरेशी आहे ना?

“सत्कार नको मला,” त्या म्हणाल्या. “फिल्मही दाखवू नका.”

“अहो, पत्रिका गेल्या. पाहुण्यांना सांगून झालं. आता नाही म्हणालात तर क्लबचं कसं दिसेल?”

---

बद्रीनाथांनी सगळं ऐकून घेतलं. भांड्यातलं पाणी एका घोटात संपवलं आणि भांडं इतक्या जोरात ठेवलं की शेजारणीने खिडकीतून डोकावून पाहिलं.

“म्हंजे मिरवायला तू हायेस, आन वाजवायला न्हाईस.”

“तसंच.”

“मग जाऊच नको. बसू दे त्यांना शाल घेऊन, घालतील एकमेकांना.”

नम्रताताईंनाही आधी तेच वाटलं होतं. बसमध्ये उभ्याने येताना स्वारगेटपासून मगरपट्ट्यापर्यंत त्यांनी मनात क्लब दहा वेळा सोडला होता. पण घरी पोचेपर्यंत दुसरी गोष्ट लक्षात आली होती.

“मी गेले नाही, तर शेफाली माइकवर काय सांगेल माहितीय? तब्येतीच्या कारणाने येऊ शकल्या नाहीत. आणि सगळे चुकचुकतील.”

बद्रीनाथ आपल्या तळहातांकडे पाहत म्हणाले, “आन त्यात माझं हात दाखवनार. मला इचारलं का कोणी?”

पुढचा आठवडाभर नम्रताताई नेमाने वाजवत राहिल्या. ज्या गाण्यातून नाव कापलं गेलं होतं तेच गाणं, रोज संध्याकाळी. शुभंकरला दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही.

---

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळचं थोपटणं झालं होतं, पण संध्याकाळपर्यंत कफ पुन्हा साठतोच. म्हणून दोघं लवकर आले होते. मेकअपच्या खोलीत एक लांब बाक होता. दहा मिनिटं मिळाली असती तरी पुरे झालं असतं. दारातच शेफालीने अडवलं.

“काका, ही लेडीज रूम आहे, बाकीच्या अनकम्फर्टेबल होतील. सॉरी हं. आणि ताई, आज तुम्हाला कुठे वाजवायचंय? रिलॅक्स करा ना.”

दुसरी कुठली खोली आहे का, असं नम्रताताईंनी विचारलं. नव्हती. एक होती, त्यात पाहुण्यांचा नाश्ता मांडला होता. बद्रीनाथ काहीतरी बोलणार होते, पण बायकोचा चेहरा पाहून निमूट प्रेक्षागृहात जाऊन बसले.

विंगेत शुभंकर एकटाच उभा होता. त्यांना पाहून त्याने आधी मोबाइल काढला, मग पुन्हा खिशात ठेवला.

“बाळ कसं आहे?” नम्रताताईंनी विचारलं.

“बरंय. दात येतायत.” तो खाली पाहत म्हणाला, “ताई, मी नुसतं विचारलं होतं. घरी बायको घाबरली, फिल्म बघून. मी सरांना म्हटलं, काही रिस्क आहे का? बस. सोलो मला द्या असं मी नव्हतो म्हणालो.”

“विचारलंस ते बरोबर केलंस. घरात बाळ असताना विचारायलाच हवं.”

त्याने चमकून वर पाहिलं. नम्रताताईंचा आवाज चढला नव्हता. पण बालवाडीत एखाद्या मुलाने दुसऱ्याचा चावा घेतला की बाई ज्या आवाजात बोलायच्या तो हा आवाज होता.

“पण मला का नाही विचारलंस? चार महिने माझ्यासमोर बसत होतास. चार वर्षांची पोरं मला विचारायची, बाई, तुम्ही खोकता का? मी सांगायचे. त्यांना कळायचं. तुला नसतं कळलं?”

शुभंकरने हातातला माउथ ऑर्गन बाहीला पुसला.

“आता उत्तर ऐक. तो आजार ऋतिका रांगत होती तेव्हा बरा झाला. बरा झालेला टीबी कोणाला लागत नाही. तरी शंका असेल तर बाळाच्या डॉक्टरांना विचार, उद्याच विचार. पण रानडेसाहेबांना विचारू नकोस. ते बँकेत होते.”

तेवढ्यात दिवे मंद झाले आणि शेफाली त्यांना पहिल्या रांगेत घेऊन गेली.

पाच-सहा गाणी झाली. मग मोठा पडदा उजळला. मागून व्हायोलिनचे रडके सूर सुरू झाले आणि त्यावर शेफालीचा हळवा आवाज: “एक श्वास... जो प्रत्येक क्षणी हरत होता...” पडद्यावर पालथ्या पडलेल्या नम्रताताई, विस्कटलेले केस, कमरेखाली उशा. बद्रीनाथांचे हात वर-खाली होत होते. व्हायोलिनखाली त्यांचा ठेका ऐकू येत नव्हता. ज्या थोपटण्याला मघाशी आत एक बाक मिळाला नाही, ते इथे भिंतीएवढं मोठं होऊन चाललं होतं आणि चारशे माणसं ते तिकीट काढून पाहत होती. बाटलीचं आणि मधाचं कापलं होतं. ‘बरा झाला’ हेही कापलं होतं. ‘टीबी झाला’ एवढंच राहिलं होतं.

शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी रुमाल काढला. ते बांधकाम व्यवसायातले मोठे गृहस्थ होते. रुमाल डोळ्यांना लावता लावता त्यांनी अंग जरासं दुसऱ्या बाजूला कलवलं. मुद्दाम नसेल. पण नम्रताताईंना ते कळलं.

नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. त्या पायऱ्या चढून वर गेल्या. मधोमध मखमल घातलेली खुर्ची होती, शेजारच्या टेबलावर ताट: शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ आणि लाल फीत बांधलेली कॉर्ड. पाहुण्यांनी शाल उलगडली आणि दोन्ही हातांत ताणून धरली. सत्कारमूर्तीने खुर्चीत बसायचं, मान थोडी खाली घ्यायची, शाल अंगावर पडली की समोर बघून हसायचं. फोटोग्राफर एका गुडघ्यावर बसून तयारच होता.

नम्रताताई बसल्या नाहीत. त्यांनी ताटातली कॉर्ड उचलली, फितीची गाठ सोडली आणि फीत नीट घडी करून ताटात परत ठेवली. मग शेफालीच्या हातातला माइक घेतला.

“कॉर्ड दिलीत, आभारी आहे. शाल राहू दे. पुढचं गाणं मी वाजवणार होते, ते आता शुभंकर वाजवतोय. त्याच्या मागे कॉर्ड लागेल. ती मी वाजवते. आणि एक सांगायचं फिल्ममध्ये राहिलंय. माझा टीबी बरा होऊन एक पिढी उलटली. तेव्हा कोणी घाबरू नका.”

एवढंच. आवाज कुठेही कापला नाही, कारण त्या काही नवं सांगत नव्हत्या. वर्गात रोज सांगावं तसं सांगत होत्या. प्रेक्षागृहात दोन-तीन जण हसले, मग हसणं चुकलं की काय असं वाटून थांबले. रानडे विंगेतून हातवारे करत होते. पाहुणे ताणलेली शाल घेऊन तसेच उभे होते. ती कोणाच्या अंगावर घालावी हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती स्वतःच्या हातावर टाकली आणि खाली जाऊन बसले.

स्टेजवर वादकांच्या मागच्या रांगेतली त्यांची खुर्ची आज मांडलीच नव्हती. नम्रताताई रांगेच्या टोकाला उभ्या राहिल्या. शुभंकर पुढे माइकसमोर येऊन उभा होता, घामाघूम. ध्वनिव्यवस्थेवाल्याने ठरल्याप्रमाणे ट्रॅक सोडला. सिंथेसायझरचे दोन सूर वाजले आणि शुभंकरने हात वर केला. “ट्रॅक बंद करा,” तो माइकमध्येच म्हणाला. मग मागे वळून त्याने नम्रताताईंकडे पाहिलं. त्याला काय विचारायचं होतं ते स्पष्ट होतं. त्याने आपला माउथ ऑर्गन थोडा पुढेही केला, तुम्ही या, अशा अर्थाने.

त्यांनी मान हलवली. नाही. दुसऱ्याने घाबरत घाबरत परत केलेलं गाणं त्यांना नको होतं. ते त्यांना चार महिन्यांपूर्वी, त्यांनी मागितलं म्हणून मिळालं होतं, तसंच हवं होतं. आणि तसं ते आता मिळणार नव्हतं. त्यांनी कॉर्ड ओठांना लावली आणि पहिला आधार दिला.

शुभंकर सुरू झाला. चाल ओळखीची होती. लोक खुर्चीत सैलावले. पहिल्या कडव्याच्या लांब सुरावर तो घाई करायला गेला, तालमीत नेहमी करायचा तशी. पण खालची कॉर्ड हलली नाही. तिने सूर तेवढाच लांब धरून ठेवला, जेवढा तो होता. पुढे जायला जमीनच नव्हती, तेव्हा शुभंकर थांबला आणि तिथे वाट पाहू लागला. मग कॉर्डने दुसरा आधार दिला, आणि तो तिच्या मागून गेला. तिथून पुढे सगळं गाणं तसंच चाललं, पुढे उभा राहून तो वाजवत होता आणि चालायचं कसं ते मागून ठरत होतं. प्रेक्षकांतल्या कोणाला ते कळलं असेल असं नाही. त्यांना एवढंच कळलं की हा तरुण मुलगा फार समजून वाजवतोय.

दुसऱ्या कडव्यापासून नम्रताताईंच्या छातीत तळाशी काहीतरी हललं होतं. त्यांना ते नेमकं कुठे आहे तेही कळत होतं, उजवीकडे, खाली, जिथे बद्रीनाथांचा हात रोज पहिला पडतो. त्यांनी श्वास त्याच्या बाजूबाजूने नेला, झोपलेल्या मुलांमधून पाय न लावता जावं तसा. मनगटं भरून आली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटचा सूर फुंकायचा नव्हता, ओढायचा होता. शुभंकरचा श्वास आधी संपला. नम्रताताईंनी आपला आधार तसाच आत ओढत नेला, सावकाश, अगदी तळापर्यंत, सूर दोऱ्याएवढा बारीक होऊन दिसेनासा होईपर्यंत. मग कॉर्ड खाली घेतली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मधल्या रांगांमधले लोक उठून उभे राहिले. शुभंकर वाकून नमस्कार करत होता. नम्रताताईंनी पदर तोंडावर घेतला, पाठ प्रेक्षागृहाकडे केली आणि खोकल्या. एकदा, मग पुन्हा, मग कमरेतून वाकून, मनासारखं, सगळं मोकळं होईपर्यंत. टाळ्यांमध्ये ते कोणाला ऐकू गेलं नाही.

टाळ्या ओसरल्या तेव्हा त्या सरळ उभ्या होत्या. पदर खांद्यावर नीट घेतला आणि पुढचं गाणं कुठल्या पट्टीत आहे ते शेजारच्या वादकाला विचारलं.